तीन नंबरचा सूट

सोमवार, ११ जानेवारी १९४३

आज सूट आले, थंड पाण्यात पडलं तरी माणसाचं अंग कोरडं ठेवणारे रबरी. मेजर हॅस्केलनी वीस मागितले होते, आले आठ. खोक्यातून काढले तेव्हा एकमेकांना चिकटून बसलेले, आणि वास थेट आमच्या बुटांच्या कारखान्यातला. नऊ वर्षं मी त्या वासात काढली आहेत, रबरी बुटांच्या शिवणी चिकटवत. म्हणूनच मेजरनी मला बोलावलं. "लिओला, या तळावर रबरातलं कळणारी तू एकटीच. हे तुझ्या ताब्यात," म्हणाले. युद्धाआधी ते उन्हाळी हॉटेल चालवायचे. गणवेश चढवला तरी अजून पाहुण्याला खोली दाखवल्यासारखेच बोलतात. पण पुढचं बोलताना आवाज बदलला. प्रत्येक सूट मी तपासायचा, गळ्याशी बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख घालून सही करायची. सही नसेल तर तो माणूस उडणार नाही. कोणीही असो.

हे सगळं डिसेंबरमुळे. आमचं एक विमान किनाऱ्यापासून तीस मैलांवर पाण्यात उतरलं. दोघांच्याही अंगात तरंगायची जाकिटं होती आणि ती नीट तरंगलीसुद्धा. होडी तासाभराने पोचली तेव्हा जाकिटं माणसांना धरून होती, माणसं गेली होती. मर्ट आणि कॅरल डायर तो पूर्ण तास वरून घिरट्या घालत होते, होडीला जागा कळावी म्हणून. त्या दिवशी मर्ट घरी आला, "पाणी थंड होतं," एवढंच म्हणाला. माशाचं सूप मागितलं आणि ते निवेपर्यंत त्याच्याकडे बघत बसला. फार दमला होता.

मर्ट म्हणजे माझा नवरा. सार्डिनच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. एका कानाने ऐकू येत नाही म्हणून सैन्याने घेतला नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या धक्क्यावरून तेलाचं जहाज जळताना दिसलं, दुसऱ्याच दिवशी त्याने इथे नाव घातलं. कॅरल विमान चालवतो, तेच लाल विमान ज्यातून तो जत्रेत लोकांना फिरवायचा. मर्ट शेजारी बसून पाण्यात शत्रूची पाणबुडी दिसते का बघतो. तळावरचे सगळे असेच, आपापले धंदे सोडून आलेले. नौदलाला जिथे विमानं पुरत नाहीत तिथे आमची जातात. कोणाला कोणी बांधून ठेवलेलं नाही. म्हणूनच मला मर्टचं कौतुक वाटतं.

गुरुवार, १४ जानेवारी

दिवसभर तपासणी. सूटच्या बाह्या आणि गळा बांधायचा, व्हॅक्यूम क्लीनरची नळी उलट्या बाजूला लावून आत हवा भरायची, वरून साबणाचं पाणी फासायचं आणि बुडबुडा कुठे येतो ते बघायचं. फुगलेला सूट पाय पसरून बाकावर पडला की दारू प्यालेल्या माणसासारखा दिसतो. पुरुषमंडळी दाराशी उभी राहून खिदळत होती. सूटचं नाव त्यांनी बेडूक ठेवलंय.

रबर चिकटू नये म्हणून मिस्टर फॉस टाल्कम पावडरचे चार डबे घेऊन आले. गावातलं औषधांचं दुकान त्यांचं. अठ्ठावन्न वर्षांचे, विधुर, बुटके आणि गोल. मर्टसारखेच टेहळणीला जातात, दुसऱ्या विमानातून. फुगलेल्या सूटकडे बघून म्हणाले, "लिओला, हा माझ्यापेक्षा देखणा आहे गं. यालाच पाठव की."

मग त्यांनीच सहा नंबरचा चढवला, घोड्यांच्या हौदावरचा बर्फ फोडायला लावला आणि आत जाऊन बसले. वीस मिनिटं. बाहेर आले तर लोकरीचे पायमोजे कोरडे ठाक. "हात तेवढे गोठून गेले माझे," म्हणाले. हातमोजे वेगळे, साध्या लोकरीचे. त्याला मी काय करणार.

मर्ट सव्वासहा फूट. मोठ्या मापाचे सूट दोनच आहेत, तीन आणि चार. तीन त्याचा, चार कॅरलचा. जादा एकही नाही.

मंगळवार, १९ जानेवारी

मर्टचं पोट बिघडलंय. सकाळी शेडच्या मागे ओकताना दिसला. मला बघून म्हणाला की डुकराची चरबी खवट झालीय. मी डबा हुंगला, ठीक वाटली. तरी टाकून दिली. मिस्टर फॉसकडून तो पोटाच्या औषधाची, बिस्मथची बाटली घेऊन आला, चांगलं केलं.

शुक्रवार, २२ जानेवारी

मर्ट रोज माझ्या शेडमध्ये येतो आणि तीन नंबरच्या शिवणी बोटांनी चाचपतो. मी सही केलेली असते. शेवटी आज म्हटलं, "माझ्या हातावर भरवसा नाही का तुझा?"

"आहे की."

"मग काय शोधतोस?"

"काही नाही गं. बघतो नुसता."

वाईट वाटलं. लग्नाला अकरा वर्षं झाली. मी चिकटवलेले बूट घालून तो अर्धं आयुष्य खाडीच्या चिखलात हिंडला. तेव्हा नाही चाचपले कधी.

रविवार, २४ जानेवारी

चर्चमध्ये जेवण होतं. घेवड्याची भाजी मी केली होती, काकवी पुरवून पुरवून घातलेली. पेपरात आलेला मर्टचा फोटो मी पर्समधून काढून सगळ्यांना दाखवला, विमानाच्या पंखाला टेकून उभा असलेला. पाद्रीबाईंनी चष्मा लावून बघितला. त्या म्हणाल्या, आमचा मुलगा बघ, विशीतला आणि कचेरीत टाइप करत बसलाय, आणि तुझा नवरा एक कान गेला तरी उडतोय. मी म्हटलं, आमच्या मर्टला भीती म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

घरी येताना मर्ट म्हणाला, "तो फोटो आता पुरे." लाजाळू आहे तो. मी हसले.

गुरुवार, २८ जानेवारी

आज बरं वाटलं. मर्टने पहिल्यांदाच माझ्या कामाबद्दल विचारलं. बटाटे खाता खाता म्हणाला, "छिद्र पडलं तर तुला नेहमी सापडतं?"

मी सांगितलं, बहुतेक वेळा. छातीवर, मांडीवर लगेच कळतं. अवघड जागा म्हणजे काखेतली शिवण. तिथे रबर दुहेरी असतं, बुडबुडा उशिरा येतो. पण मला सापडतो.

"आणि बुजवायला किती वेळ?"

"ठिगळ लावून सोल्यूशन वाळायला पुरता एक दिवस. घाई केली की निघतं."

लक्ष देऊन ऐकत होता. नऊ वर्षं कारखान्यातून आले की वासावरून चिडवायचा, पण तिथे मी काय करते हे एकदाही विचारलं नव्हतं.

मंगळवार, २ फेब्रुवारी

तीन नंबरला छिद्र. डाव्या काखेत. साबण फासून मी सहज दुसरीकडे बघत होते आणि नजर परत वळली तर मोहरीएवढा बुडबुडा. बारीक, गोल छिद्र. काल संध्याकाळी नव्हतं. खुंटीला खिळा असेल म्हणून खुंटी चाचपली, नव्हता. उंदीर असता तर कडा कुरतडलेल्या दिसल्या असत्या.

सही केली नाही. कॅरलचं विमान जमिनीवर राहिलं. मर्टला सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो शांतपणे म्हणाला, "नियम म्हणजे नियम." कॅन्टीनमध्ये जाऊन दोन अंडी आणि ब्रेडचे तीन तुकडे खाल्ले. गेल्या कित्येक दिवसांत त्याला एवढं खाताना बघितलं नव्हतं. मला अपराधी वाटू नये म्हणून करत होता. असा आहे तो.

शनिवार, ६ फेब्रुवारी

परत तीन नंबर. जुन्या ठिगळापासून बोटभर अंतरावर, तसंच गोल.

आता मला माझीच खात्री वाटेना. मी घासताना रबर पातळ करते आहे का? सोल्यूशनमध्ये काही खराब आहे? बाकी सात सूट धडधाकट आणि हा एकच असा का? सकाळी पाच वाजता डोळे उघडतात आणि शिवणी दिसायला लागतात. काल काविळीच्या रोग्यासारख्या पिवळ्या शिवणी होत्या, त्यांतून पाणी येत होतं.

मेजरनी दार लावून घेतलं. "लिओला, शेडमध्ये कोण कोण येतं?"

"सगळेच येतात."

"तुझं कोणाशी काही वाकडं?"

"नाही, मेजर."

"मर्टचं?"

"मर्टचं कोणाशी वाकडं असणार?"

मग मेजर म्हणाले, मंगळवारी जहाजांचा मोठा तांडा जाणार आहे, चारही विमानं वर हवीत. मला वाटतं त्यांना माझा संशय येतोय, की मी निष्काळजी आहे आणि ते लपवतेय.

शेड झाडली. माझी दाभण दोन दिवस सापडत नव्हती, ती टाल्कमच्या डब्यामागे मिळाली. मी तिथे कधी ठेवत नाही. डोकं ठिकाणावर नाही माझं.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

सगळं लिहिते.

काल संध्याकाळी तीन नंबर तीनदा तपासून सही केली होती. सकाळी सहा वाजता मनाला चैन पडेना म्हणून पुन्हा हवा भरली. डाव्या काखेत बुडबुडा. मी चिठ्ठी फाडली.

मेजरचा जबडा तेवढा हलला. कॅरल इंजिन तापवत होता. तेवढ्यात मिस्टर फॉस आले. त्यांच्या विमानाचं इंजिन काल अचानक बिघडल्यामुळे उघडलेलं होतं, त्यांना आज सुट्टी होती. म्हणाले, "माझा सहा नंबर चांगला आहे ना? मग मर्टच्या जागी मी बसतो. कॅरल, मला खिडकीतून दिसेल एवढ्या दोन उशा दे."

मर्ट खुर्चीवर बसला होता तो उठला. चेहरा पांढरा पडला होता. "नको. तुम्ही नको. मी जातो."

"सूटला छिद्र आहे," मी म्हटलं.

"असू दे. तसाच घालतो."

"मर्ट, सही नाही."

"मग कर सही." माझ्या मनगटाला धरलं त्याने. असं कधी धरलं नव्हतं. "लिओला, कर."

मी नाही केली. मला वाटलं, एवढा शूर माणूस, मित्राच्या शेजारची जागा सोडवत नाहीये. मिस्टर फॉसनी त्याच्या पाठीवर थोपटलं, "बस रे. पुढच्या वेळी तू माझ्यासाठी जा." आणि टाल्कम उडवत बाहेर पडले.

सव्वानऊला रेडिओच्या खोलीतून तिथलं काम बघणारी बर्नीस धावत आली. लाल विमानाचं इंजिन बंद पडलं, अठरा मैलांवर पाण्यात उतरलं. जोडीचं विमान वर घिरट्या घालत होतं. पाण्यात दोन डोकी दिसतात, म्हणाली. होडी निघाली होती.

आम्ही सगळे त्या छोट्या खोलीत उभे. कोणी बसलं नाही. मर्ट भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा राहून मिनिटं मोजत होता, पुटपुटत. वीस झाली तेव्हा म्हणाला, "आता बोटं हलत नाहीत." पंचवीसला म्हणाला, "आता हाक मारत नाहीत." मेजर म्हणाले, मर्ट, गप्प. तो गप्प झाला, पण ओठ हलतच होते. मला एकच दिसत होतं: सहा नंबरची शिवण, चार नंबरची शिवण, सहा नंबरची शिवण. मी सही केली होती दोन्हींवर.

बावन्न मिनिटांनी होडीचा निरोप आला. दोघे जिवंत. कॅरलच्या फासळ्या मोडल्यात. मिस्टर फॉसचे हातमोजे वाहून गेले, हातांची अवस्था वाईट आहे. अंग कोरडं.

बर्नीस माझ्या गळ्यात पडून रडली. मेजरनी हात हातात घेतला, म्हणाले, "सूट टिकले, लिओला." कोणीतरी म्हणालं, हिने आज सही केली असती तर मर्ट गळका सूट घालून त्या पाण्यात असता. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी मर्टला वाचवलं. सांगायला वळले तर तो खोलीत नव्हता.

बुधवार, १० फेब्रुवारी

संध्याकाळी मी बटाटे सोलत होते. मर्ट समोर येऊन बसला.

"छिद्रं मी पाडली," म्हणाला. "तिन्ही. तुझ्या दाभणीने."

मी सोलत राहिले. टोपलीतले सगळे सोलले, दोघांना लागतात त्याच्या तिप्पट. मग विचारलं, का.

त्याने डिसेंबरचं सांगितलं. खालच्या दोघांपैकी एकजण बराच वेळ वर बघून हात हलवत होता. कॅरल पंख हलवून उत्तर द्यायचा. मग खालचा हात थांबला, पण तोंड वरच होतं, उघडं, आणि विमान पुढचा अर्धा तास त्या तोंडावरून फिरत राहिलं. "दर सकाळी इंजिन चालू झालं की मला ते दिसतं," म्हणाला.

"मग सोडायचंस. कोणी बांधलं होतं तुला? मला सांगायचंस."

"तुला?" तो रागावला नव्हता. "तू पाद्रीबाईंना काय सांगितलंस ते ऐकलं मी."

आता लिहितानासुद्धा ते वाक्य मागच्या पानांत शोधायला गेले नाही.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

मर्ट काल मेजरना सगळं सांगून आला. आज आम्ही दोघे हॉस्पिटलात गेलो. मी बाहेर थांबते म्हटलं, मिस्टर फॉसनी आतून हाक मारली, "तू पण ये गं."

दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळलेले. उजव्या हाताची तीन बोटं बहुतेक जातील, असं डॉक्टर म्हणतात. मर्ट उभ्याउभ्या बोलला, टोपी पिळत. मिस्टर फॉस खिडकीकडे बघत ऐकत होते.

"महिन्यात बिस्मथच्या पाच बाटल्या," म्हणाले. "खवट चरबीने एवढं होत नाही रे. मी पस्तीस वर्षं औषधं देतोय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पोटाचं माहीत होतं. छिद्रांचं मंगळवारी सकाळी कळलं, तुझं तोंड बघून."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं दुकान गप्प राहण्यावर चालतं." मग, "आणि घाबरलेला माणूस पाण्याकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो. कॅरलला डोळे हवे होते त्या दिवशी."

मर्ट म्हणाला, "तुमची बोटं."

"हो. मला राग आलाय," मिस्टर फॉस म्हणाले, अगदी सरळ आवाजात. "खूप आलाय. आणखी काही दिवस राहील. तू आज आलास हे बरं केलंस, पण आता जा. लिओला, नर्सला म्हणावं पाणी."

पाणी मीच पाजलं. पेल्यावर त्यांचे दात वाजत होते.

रविवार, १४ फेब्रुवारी

चर्चला गेलो नाही. दुपारी मेजर घरी आले, बसले नाहीत. "इथे जो तो स्वखुशीने आलाय," मर्टला म्हणाले. "तू सोडलंस तर मी कारण कोणाला सांगणार नाही. नाही सोडलंस तर उद्या साडेसहा, माझ्या विमानात. माझा टेहळ्या तापाने पडलाय." माझ्याकडे वळून म्हणाले, "तीन नंबर तयार हवा, तो येवो न येवो."

ते गेल्यावर मी मर्टला म्हटलं, सोड. लोकांना काय सांगायचं ते मी सांगेन. तो म्हणाला, "मला माहीत नाही मी काय करीन. मला विचारू नकोस." विचारलं नाही.

सोमवार, १५ फेब्रुवारी

पाच वाजता शेडमध्ये. तीन नंबर, डाव्या काखेत तीन ठिगळं. हवा भरली, साबण फासला, कंदील जवळ धरला. काही नाही. पाच मिनिटं थांबले. पुन्हा फासला. खरं लिहायचं तर मी बुडबुड्याची वाट बघत होते. एक आला असता तर बरं झालं असतं. दाभण हाताशी होती, तिच्याकडे मी नको तेवढा वेळ बघितलं. त्याच्या मनात काय चाललं असेल ते तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं. मग सही केली. अक्षर वाकडं आलं.

मर्ट आला. दारातच ओकला, मेजरच्या आणि माझ्या देखत. मेजर घड्याळ बघत उभे राहिले. मी फडक्याने त्याचं तोंड पुसलं, सूट चढवायला मदत केली, गळा आवळला. "घट्ट झालं?" विचारलं. "बरोबर आहे," म्हणाला. पावणेसातला गेले.

दहा वाजता यायचे होते. दहा वाजून वीस मिनिटं झाली. बर्नीस दोनदा येऊन सांगून गेली की वारा समोरून आहे. मी आठही खुंट्या पुसल्या, परत पुसल्या. साडेदहाला आवाज आला.

मर्ट विमानातून उतरला, चालत शेडपर्यंत आला, बाकावर बसला. मी बूट ओढले तर आतून पाणी निथळलं. माझा हात आपोआप काखेतल्या ठिगळांवर गेला.

"गळत नाहीये," मर्ट म्हणाला. "ते माझंच आहे."

घाम. फेब्रुवारीत, पेलाभर. पायमोजे पिळले तर आणखी निघाला. आम्ही दोघेही त्या डबक्याकडे बघत बसलो.

"दिसलं काही?" मी विचारलं.

"पाणी दिसलं," तो म्हणाला. "सगळं बघितलं."

उद्याचं मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. सूट उलटा करून शेगडीपासून चार हात लांब वाळत घातला, आत टाल्कम भुरभुरलं आणि नवी चिठ्ठी बांधली. सहीची जागा कोरी आहे.